पन्नाशीची सवाष्ण

"ह्ये सोंग कुणाचं?"

आत्याबाईंच्या हातात माझा फोटो होता आणि मी डार्करूमच्या दारात ओल्या हातांनी उभी होते. मुकुंद पुण्याला माल आणायला गेलेला. दुपारी एक ते चार स्टुडिओ बंद. त्या वेळात मी आत काय करते हे वर्षभर कुणाला कळलं नव्हतं, आणि कळलं ते नेमकं सासूला.

मुकुंद म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मी घेते. या गोष्टीत त्याला 'हे' म्हणण्याइतका मान द्यायची माझी तयारी नाही.

फलटणला आमचा स्टुडिओ होता, 'छायाविलास'. पुढे स्टुडिओ, मागे दोन खोल्यांचं घर. मुकुंद फोटो काढायचा आणि मी रिटचिंग करायची. पोरीच्या गालावरचे देवीचे व्रण, नवऱ्या मुलाचा तिरळा डोळा, मामलेदाराची लोंबणारी हनुवटी, सगळं माझ्या टेबलावर सरळ व्हायचं. पण आमचं नाव तालुकाभर होतं ते जोडीच्या फोटोसाठी. आई वारली की मुलं यायची. वडील वीस-तीस वर्षांपूर्वीच गेलेले असायचे. त्यांचा टोपीतला एखादा पिवळा पडलेला फोटो, आईचा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला, असे दोन घेऊन मी त्यांना शेजारी-शेजारी बसवायची. नवरा शेजारी बसला म्हणजे बाईचं कपाळ मोकळं कसं ठेवायचं? मग मी बारीक ब्रशानं कुंकू रंगवायची, गळ्यात मंगळसूत्र, हातात चुडा. जिला जन्मभर कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, जी दिसली की लोक निघालेलं पाऊल मागे घ्यायचे, ती मेल्यावर माझ्या टेबलावर सवाष्ण व्हायची. फ्रेम बघून मुलं डोळे पुसायची. "आई किती छान दिसते हो!" म्हणायची. माझ्या डोक्यात तिडीक जायची, पण तोंडात मूग धरलेले. अख्ख्या फलटणला एक गोष्ट पाठ होती: 'छायाविलास'मध्ये विधवेच्या फोटोवर कुंकू दिसलं, म्हणजे ती बाई गेली.

दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे दुरुस्त करून मला माझा चेहरा बघायची तहान लागली होती. माझा म्हणावा असा एकच फोटो होता, लग्नातला. त्यात मी मान खाली घातलेली, म्हणजे फोटो चेहऱ्याचा नव्हताच, भांगाचा होता. स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक पेटी असायची. कोट, टाय, बांधलेला फेटा, खोटे दागिने, पावडर. मागे कारंज्याचा रंगवलेला पडदा. कॅमेऱ्याला लांब रबरी नळी आणि तिच्या टोकाला हवेचा फुगा. फुगा दाबला की खटका उडतो, दुसऱ्या माणसाची गरज नाही. मी नवरदेव झाले. वकील झाले. पायात चाळ बांधून तमाशातली बाई झाले. खुर्चीवर रेलून, पायावर पाय टाकून सावकार झाले. प्रत्येक वेळी फोटो धुऊन झाला की बघायची, या सोंगाखाली मी किती उरले आहे. नऊ झाले होते. नववा काढला त्या दिवशी वाळत घातलेलं आत्याबाईंचं पांढरं लुगडं ओढून आणलं, टिकली काढली, डोक्यावरून पदर घेतला आणि पडद्यापुढे जमिनीवर बसले. तोच फोटो आता त्यांच्या हातात होता.

खोटं बोलून उपयोग नव्हता. लुगड्याचं ठिगळसुद्धा फोटोत आलं होतं.

"तुमचं," मी म्हटलं.

सवाष्णीनं मोकळ्या कपाळानं फोटो काढायचा, तोही नवरा प्रवासात असताना! आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी पाय घट्ट रोवून उभी राहिले. आत्याबाईंनी फोटो खिडकीपाशी नेला.

"मी अशी बसते?"

"हो."

"खांदं पाडून? कुणी मारंल का काय, अशी?"

"हो, आत्याबाई."

त्यांनी फोटो जिथून उचलला होता तिथे ठेवला आणि भाकरी थापायला गेल्या. आठ दिवस माझी पाचावर धारण बसली होती. पुढच्या सोमवारी मुकुंदची एसटी सुटली आणि त्या सरळ स्टुडिओत येऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सरू, मला बी एक सोंग काढायचंय."

"कुणाचं?"

"माझंच."

मला कळेना. त्या कारंज्याच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "पन्नाशीची सवाष्ण. मालक असतं तर आज मी कशी दिसली असती, ती."

मुकुंद दीड वर्षाचा असताना सासरे गेले, तेव्हा आत्याबाई बावीस वर्षांच्या होत्या. त्याआधी कधी कुणी त्यांचा फोटो काढला नव्हता. फणीच्या पेटीतला आरसा तळहाताएवढा होता. त्यात कपाळ बघावं तर डोळे दिसायचे नाहीत आणि डोळे बघावेत तर कपाळ जायचं. हे सगळं त्यांनी मला उभ्याउभ्या सांगितलं, बाजारात कांदे मागावेत तितक्या साधेपणानं.

"कुणी बघितलं तर, आत्याबाई?"

"मी मेले की तू कुंकू लावणारच हाईस न्हवं? मुकुंदा म्हणंल, आईदादांचा जोडीचा फोटू कर. समदं गाव बघंल, समदी रडतील. आन् मीच तेवढी बघायची न्हाय?"

मी दार लावलं.

माझ्या आईनं लग्नात दिलेलं हिरवं इरकली लुगडं मी काढून दिलं. माझा चुडा त्यांच्या हातात जाईना. साबण लावून एकेक बांगडी चढवली. दोन फुटल्या तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. मंगळसूत्र पेटीतलं, खोटं. कुंकू लावायला मी बोट पुढे केलं, तर त्यांनी करंडा माझ्या हातातून काढून घेतला.

"आण हिकडं. येतं मला."

आधी मेण, मग कुंकू. रुपयाएवढं. मी आरसा पुढे केला तर तोंड फिरवलं. "आरशात न्हाय. फोटूतच बघीन."

पहिल्यांदा नव्या नवरीसारख्या मान खाली घालून बसल्या. फुगा हातात होता, पण दाबला नाही. "ही न्हाय ती," त्या पुटपुटल्या. "तीस वर्सं नवऱ्यासंगं भांडून घर चालवल्याली बाई खाली कशापायी बघंल?" मग पाठ ताठ केली, एक हात गुडघ्यावर टेकला आणि उशिरा आलेल्या जावयाकडे बघावं तशा कॅमेऱ्याकडे बघितलं. खटका उडाला. दुसऱ्या वेळी शेजारी रिकामी खुर्ची मागवली आणि तिच्या हातावर आपला हात ठेवून बसल्या. तिसऱ्या वेळी फुग्यानं दाबताना असा काही चमत्कारिक आवाज केला की त्या खो-खो हसल्या, पुढचा पडलेला दात दिसेपर्यंत. तेवढ्यात त्यांच्याच बोटानं फुगा पुरता दाबला गेला. तिन्ही फोटो त्यांनी स्वतः काढले. मी फक्त फिल्म भरली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी काय केलं ते तुम्हाला कळायला हवं.

मग न्हाणीत जाऊन त्यांनी तोंड धुतलं, बांगड्या उतरवल्या आणि पांढरं लुगडं नेसून तांदूळ निवडायला बसल्या.

मंगळवारी सकाळी मी तिन्ही फोटो छापले. त्या काळी चकाकी आणायला ओले फोटो काचेवर पालथे चिकटवायचे. वाळले की आपोआप सुटून खाली पडायचे. काच नेहमीसारखी खिडकीत उभी केली आणि मी डार्करूममध्ये गेले. पुढचं दार उघडं होतं. स्टुडिओत दार उघडं टाकून सासूचं कुंकू वाळत घालणारी मी शहाणी!

बाहेर आले तर समोरच्या गिरणीवाल्या तानूकाकू उभ्या. पुतण्याचा मुलीकडे दाखवायचा फोटो न्यायला आलेल्या. त्यांच्या हातात मात्र आत्याबाई होत्या, रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून बसलेल्या. तानूकाकूंनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पदर तोंडाला लावला आणि पुतण्याचा फोटो न घेताच निघून गेल्या. आत्याबाईंचा फोटो घेऊन गेल्या.

तासाभरात अंगणात बायका जमल्या. कुणी चहाची किटली आणली, कुणी नुसतंच नाक ओढत आलं. एकीनं मला मिठी मारून गळा काढला, "तुझ्या सासूनं लई सोसलं गं, द्वारकाबाईनं!" मला काही उमजेना. तेवढ्यात आतून आत्याबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोन गेलं?"

गळा काढलेली बाई थांबलीच. दोघी-तिघी मागे सरकल्या. एकजण रामराम म्हणायला लागली. मला आधी हसू आलं, खरंच सांगते. मग फाटकातून मुकुंद आला आणि हसू जागच्या जागी गेलं. स्टँडवर उतरल्या उतरल्या त्याला तिघांनी सांगितलं होतं, आई गेली. तो तिथून धावत आला होता. तोंड रडून लाल, एक चप्पल कुठेतरी पडलेली. आईला दारात बघून तो मटकन पायरीवर बसला. पाचेक मिनिटं आईचे पाय धरून रडला. त्या पाच मिनिटांतला मुकुंद मला आजही आवडतो. त्यानंतरचा नाही.

"कुणी उठवली ही आवई?"

कुणीतरी फोटो त्याच्या हातात दिला. त्याच्या चेहऱ्यावरचं रडं मी सुकताना बघितलं.

"हे काय आहे?"

तो आईकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. पण त्याच्यामागे आत्याबाईंनी हात लुगड्याला पुसले आणि पुढे पाऊल टाकलं. त्या बोलणार होत्या. माझी खात्री आहे, त्या 'मी काढला' असंच म्हणणार होत्या, पंधरा बायकांसमोर, पोरासमोर. त्यांचं तोंड उघडलेलं मी बघितलं.

"मी रंगवलंय!" मी ओरडले.

"काय?"

"रंगवलंय ते. कुंकू, चुडा, सगळं. सराव म्हणून. जोडीचे फोटो करायचे तर हात चालता राहायला नको का? आत्याबाईंना यातलं काही माहीत नाही."

बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "होय का! मेलं, केवढं घाबरवलंस गं पोरी!" कुणी हसलं, कुणी माझ्या पाठीत धपाटा घातला, किटलीतला चहा कपांत ओतला गेला. मी त्यांना वाचवलं, असं मला त्या क्षणी वाटलं. काय हुशार सून! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"जिवंत माणसावर कसला सराव करतेस?" मुकुंद म्हणाला. "अक्कल आहे का? जाळून टाक आधी ते. निगेटिव्हसकट."

न्हाणीतला बंब पेटलेला होता. तीन फोटो, तीन फिल्म. फिल्म भसकन पेटली आणि घाण वास सुटला. कुणी माझा हात धरून ते आत घातलं नाही. मुकुंद बाहेर चहा पीत होता. मीच घातलं. आणि माझे स्वतःचे नऊ फोटो, ते रिटचिंगच्या टेबलाच्या खणात, कागदाखाली जसेच्या तसे राहिले. ते जाळायचं मला सुचलंसुद्धा नाही.

मागे वळले तर आत्याबाई न्हाणीच्या दारात.

"बघायचं राह्यलं," त्या म्हणाल्या.

खरंच की. वाळल्यावर दाखवीन, असं मी सकाळी म्हणाले होते.

"आत्याबाई, मी तुमच्यासाठीच—"

"माझं कुंकू दोनदा पुसलं, सरू. पयल्यांदा बायकांनी पुसलं. त्या रडत हुत्या गं, पुसताना."

एवढंच बोलून त्या वळल्या आणि चुलीपाशी गेल्या. त्यानंतर तेरा वर्षं जगल्या. माझ्या पोरांचं सगळं केलं, मला तापात पेज पाजली, कधी उणा शब्द बोलल्या नाहीत. पण स्टुडिओच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिल्या असत्या, मी दोन ऐकल्या असत्या, हिशोब मिटला असता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीनं खणातले ते नऊ फोटो शोधून काढले. पुण्यातल्या तिच्या मैत्रिणींनी ते मोठे करून प्रदर्शनात लावले. मला खुर्चीवर बसवून शाल दिली. "स्वतःचा शोध," "त्या काळात केवढं धाडस" असं बरंच बोलल्या. पोरी चांगल्या आहेत, त्यांचा दोष नाही. पण धाडस हा शब्द ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंद दाराआड फेटा बांधायला कसलं आलंय धाडस? ज्या बाईनं धाडस केलं तिला मी बंबात घातलं, असं माइकवर सांगायला गेले, तर टाळ्यांत कुणाला ऐकूच गेलं नाही.

मुकुंद जाऊन आता सहा वर्षं झाली. मी टिकली लावते. कुणी काही म्हणत नाही. इतकं सोपं होतं हे, याचाच मला जास्त राग येतो.

आत्याबाई गेल्या तेव्हाचं सांगायचं राहिलं. दहावं झालं आणि मुकुंद माझ्या टेबलापाशी आला. हातात सासऱ्यांचा फोटो आणि आत्याबाईंचा एक, आमच्या मुलाच्या मुंजीतला, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"जोडीचा कर," तो म्हणाला. "तेराव्याला लावू. कुंकू जरा ठसठशीत लाव."

"त्या दिवशी तर जाळायला लावलंत."

"तेव्हा आई जिवंत होती. आता चालतं."

मी ब्रश धुतला, पुसला आणि खणात टाकला. "मी करणार नाही," म्हटलं. तेरा वर्षं उशिरा सुचलेलं शहाणपण. तो बडबडत साताऱ्याला गेला आणि दुसऱ्या स्टुडिओतून करून आणला. तेराव्याला भिंतीवर फ्रेम लागली. सासरे टोपीत, शेजारी कुणीतरी गोल गुळगुळीत बाई, कपाळावर कंपासनं काढल्यासारखं कुंकू. बायका येऊन हात जोडत होत्या. तानूकाकूही आल्या. आता काठी टेकत चालायच्या. फ्रेमपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किती साजरी दिसती गं द्वारकी!"

माझा बांध फुटला.

"ती ही नाही!" मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आत्याबाईंनी जिवंतपणी कुंकू लावलं होतं. स्वतःच्या हातानं. तो फोटो मी रंगवलेला नव्हता. त्यांनी स्वतः बसून, स्वतः फुगा दाबून काढला होता. मी खोटं बोलले आणि मीच तो जाळला."

मुकुंदनं माझा दंड धरला. "आत चल."

तानूकाकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. "आगं, कुणाला सांगतीस?" त्या म्हणाल्या. "मला म्हाईत हाय की. रंगवल्यालं कुंकू आन् लावल्यालं कुंकू मला कळत न्हाय व्हय? त्याच दिवशी सकाळी माझ्या गिरणीवर दळण टाकून गेलती ती."

"मग गेली म्हणून का सांगितलंत गावाला?"

"मी कुटं सांगितलं? मी फोटू दावला. गिरणीवरच्या बाया म्हणल्या, कुंकू? मंजी द्वारकाबाई गेली व्हय? मी म्हणलं, व्हय." त्यांनी पदर सारखा केला. "दुसरं काय म्हणायचं हुतं मी? जित्तेपणी कुंकू लावून बसली आसं सांगायचं हुतं? त्यापरीस मेली म्हणल्यालं बरं."

आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. त्यांना ते पटलं होतं. मुकुंदनं माझा दंड सोडला आणि पानं वाढायला सांगितली.